खुडूकमीमांसा

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला 21 दिवस लागतात, याबद्दल विद्वानांत मतभेद नाहीत. मराठी विद्वत्तेने या विषयाकडे पाठ फिरवली त्याचे कारण बहुधा हेच असावे. ज्ञानेश्वर एक की दोन, यावर आपल्याकडे दौतीच्या दौती रिकाम्या झाल्या. पण अंडी उबवायला ठेवली असता नेमके कोण उबते, या मूलभूत प्रश्नाला कुणी हात घातलेला दिसत नाही. ती उणीव प्रस्तुत प्रबंधाने भरून निघेल, अशी प्रबंधकाराची नम्र खात्री आहे.

सिद्धान्त आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या वाचकाला पान उलटायची मोकळीक. खुडूकपणा नष्ट होत नाही. कोंबडीच्या पोटाखालची अंडी काढून यंत्रात ठेवली, तर तो कोंबडीत राहत नाही, कारण तिच्याजवळ अंडी उरली नाहीत. तो यंत्रात जात नाही, कारण यंत्राला पोटच नाही. तेव्हा परिशेष अनुमानाने तो यंत्राच्या मालकात जातो.

शहरात वाढलेल्या वाचकासाठी थोडे लक्षणशास्त्र. कोंबडी खुडूक बसली म्हणजे अंडी घालायची थांबते. खुराड्यातला अंधारा कोपरा धरते, पिसे फुलवून दुप्पट होते आणि कुणी हात पुढे केला की घशातल्या घशात गुरगुरून टोचते. दिवसातून एकदा उठते, घाईघाईने चार दाणे टिपते, पाणी पिते, सबंध दिवसाची शीट एकदम टाकते आणि परत जागेवर जाऊन बसते. पोटाखालची पिसे गळलेली असतात. ती उघडी गरम कातडी अंड्यांना भिडते. या सगळ्यामागे प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक असते असे शरीरशास्त्र सांगते. आजी सांगते, "बसलीय खुडूक, नादी लागू नको." दोन्ही स्पष्टीकरणांनी कोंबडीच्या वागण्यात काडीचा फरक पडत नाही.

धंद्याला हे परवडत नाही. खुडूक कोंबडी अंडे देत नाही आणि दाणे तर खाते. म्हणून पैदासकारांनी पिढ्यान्‌पिढ्या खुडूक न बसणाऱ्या कोंबड्याच निवडल्या आणि व्हाइट लेगहॉर्नसारखी जात हाती आली, जी वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी घालते आणि त्यांतल्या एकाकडेही वळून बघत नाही. मग तिची अंडी उबवायची कुणी? यंत्राने. इथवरचा इतिहास पाठ्यपुस्तकात आहे. पुढचा नाही.

आता प्रत्यक्ष प्रमाण. घरगुती इन्क्युबेटर म्हणजे थर्माकोलचे खोके, आत बल्ब, तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट, जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला छोटा पंखा आणि पाण्याची वाटी. झाकणाला काचेची खिडकी असते. या खिडकीचा अंडी उबण्याशी काही संबंध नाही. ती मालकासाठी असते. आत 37.5 अंश सेल्सिअस हवेत. लाल आकडे 37.3 वर उतरले की बल्ब लागतो, 37.7 झाले की विझतो. यंत्र हे काम तीन आठवडे विनातक्रार करते, आणि त्याच तीन आठवड्यांत मालकाचा आहार घटतो, झोप मोडते, बाहेरगावच्या लग्नाला "तुम्ही जाऊन या" असे तो म्हणू लागतो. जेवायला उठला तर उभ्यानेच आटोपतो. खोक्याच्या खोलीत कुणी पंखा लावला की घशातल्या घशात गुरगुरतो.

"अहो, झोपा आता. ती अंडी काय पळून जाणार आहेत?"

"पळून नाही गं. सदतीस पॉइंट तीन दाखवतंय."

"मग?"

या "मग?"ला उत्तर नसते, कारण तेवढ्यात बल्ब लागलेला असतो. लक्षणे एकामागून एक जुळतात हे वाचकाच्या ध्यानात आले असेलच. शिटेचा मुद्दा तेवढा प्रबंधाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

येथे पूर्वपक्ष असा, की ही एखाद्या रिकामटेकड्या गृहस्थाची सवय झाली, निसर्गनियम नव्हे. त्याच्या निरसनासाठी ग्रंथांकडे वळू. अ‍ॅरिस्टॉटलने अंड्यात दिवसागणिक काय घडत जाते ते लिहून ठेवले आहे. तिसऱ्या दिवशी पांढऱ्यात रक्ताच्या ठिपक्याएवढे हृदय दिसते आणि ते उडत असते, ही त्याची नोंद आजही टिकून आहे. पण आमच्या दृष्टीने मोलाची हकीकत त्याच ग्रंथात थोडी अलीकडे येते. सिराक्यूज शहरात एक दारुडा होता. तो आपल्या चटईखाली मातीत अंडी ठेवायचा आणि त्यांतून पिल्ले निघेपर्यंत पीत बसायचा. या थोर पुरुषाचे नाव नोंदवायचे अ‍ॅरिस्टॉटलला सुचले नाही. टीकाकार विचारतील की अंडी रोज फिरवावी लागतात, ती कोणी फिरवली? उत्तर सोपे आहे. इतके पिणारा माणूस एका जागी स्थिर बसत नाही.

रोमची लिव्हिया हा दुसरा दाखला. पोटात टायबेरियस असताना मुलगा होणार की मुलगी, हे ताडण्यासाठी तिने एक अंडे छातीशी धरून उबवले. स्वतःला ते खाली ठेवावे लागे तेव्हा ती ते दासीच्या हाती देई, मध्येच ऊब तुटू नये म्हणून. थोरल्या प्लिनीने ही गोष्ट सांगितली आहे. सुएटोनियसच्या म्हणण्याप्रमाणे निघाला तो तुरेदार कोंबडा होता. पुढे टायबेरियस सम्राट झाला. भाकीत खरे ठरण्याची शक्यता मुळातच निम्मी होती, हे गणित त्या काळी कुणी मांडले नसावे. आमच्यासाठी महत्त्वाचे एवढेच, की महाराणीपदाला पोचणारी बाईसुद्धा खुडूक बसली, आणि अंडी उबवण्याच्या कामात पाळ्या लावण्याची पद्धत तिच्या वाड्यात सुरू झाली.

इजिप्तमध्ये तर हा खुडूकपणा गावकीचा धंदा झाला. मातीच्या विटांच्या दुमजली भट्ट्या, मधून बोळ, दोन्ही बाजूंना कोठड्या, जळण म्हणून शेण आणि पेंढा, आणि एका खेपेला हजारो अंडी. थर्मामीटर नव्हता. भट्टीतला माणूस अंडे उचलून डोळ्याच्या पापणीला लावायचा आणि ते फार तापले की बेताचे आहे ते ठरवायचा. पापणीची कातडी पातळ असते, तिला बारीकसा फरकही कळतो. फ्रान्सच्या रेओम्यूरने 1749 साली अंडी उबवण्यावर सबंध ग्रंथ लिहिला आणि इजिप्शियनांनी पिरॅमिडपेक्षा या भट्ट्यांचा अभिमान बाळगावा, असे मत दिले. रेओम्यूर तापमापकाचा मोठा शास्त्रज्ञ. त्याने स्वतः आंबत्या शेणखताच्या उबेत अंडी ठेवून प्रयोग केले. पॅरिसमधला एक प्रतिष्ठित विद्वान खताच्या ढिगाशी वाकून अंश मोजतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणल्यावर निराळे प्रमाण कशाला हवे?

एडिसनची गोष्ट मात्र थोडी विस्ताराने घ्यावी लागेल. लहानपणी हा मुलगा गोठ्यात अंड्यांवर बसलेला सापडला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्या अंड्यांतून पिल्ले निघाली नाहीत. पुढे मोठा झाल्यावर त्याने विजेचा दिवा व्यवहारात आणला. तारेच्या दिव्यात विजेतला जेमतेम पाच टक्के भाग प्रकाश होतो, बाकी सगळी उष्णता. उजेडाचे साधन म्हणून हा दिवा नादारच म्हणायचा. पण खोक्यात अंडी ठेवून उबवायची असतील तर त्यासारखी वस्तू नाही. प्रस्तुत प्रबंधकाराचे अनुमान असे, की एडिसनला उजेड नकोच होता. गोठ्यात अपुरे राहिलेले काम त्याने पंचवीसेक वर्षांनी दुसऱ्या मार्गाने पुरे केले, आणि उजेड हा त्यातला फुकटचा फायदा. विज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरा पूर्वपक्ष मोठ्या उबवणी केंद्रांचा. महाराष्ट्र शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत, त्यांतले पुण्याचे खडकीला. खाजगी हॅचऱ्यांत तर एकेका सेटरमध्ये हजारो अंडी मावतात. अंडी बोथट टोक वर करून ट्रेमध्ये उभी असतात, दर तासाला ट्रे आपोआप कलतो, अठराव्या दिवशी अंडी सेटरमधून हॅचरमध्ये जातात. तिथे कोण खुडूक बसतो? तिथे तो वाटून दिलेला असतो. रात्रपाळीचा ऑपरेटर, जनरेटरवाला, भोंगा वाजला की चपला न घालता धावणारा सुपरवायझर आणि बाहेरगावी गेल्यावर फोनवरून तापमान विचारणारा मालक, यांच्या वाट्याला थोडाथोडा येतो. सगळ्यांचा मिळून एका कोंबडीचा होतो की नाही, हे मोजण्याचे साधन अद्याप निघालेले नाही.

अंडी फिरवण्याचे शास्त्र वेगळे सांगायला हवे, कारण यात हौशी माणूस सर्वांत जास्त रमतो. अंडे एकाच कुशीवर पडून राहिले तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. म्हणून दिवसातून तीनदा किंवा पाचदा फिरवायचे, आणि ते विषम वेळाच. कारण रात्रीचा अवधी सर्वांत लांबचा. सम वेळा फिरवले तर अंडे रोज रात्री त्याच कुशीवर झोपते. ओळखण्यासाठी पेन्सिलीने एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोळा काढतात. अठराव्या दिवशी फिरवणे बंद. कोंबडीला यातले काहीच शिकवावे लागत नाही. ती चोचीने आणि पोटाने दिवसभर अंडी हलवत असते आणि हिशेब कुणाला दाखवत नाही. मालक मात्र वहीत लिहितो, आणि वहीच्या पहिल्या पानावर "श्री" असते.

सातव्या रात्री अंडी उजेडात बघतात. खोलीतला दिवा मालवायचा, मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरायची आणि बोथट टोक तिच्यावर टेकवायचे. अंडे आतून नारिंगी पेटते. वरच्या बाजूला हवेची पोकळी स्वच्छ दिसते; तिच्याखाली लाल शिरांचे जाळे मधल्या एका ठिपक्यापासून पसरलेले, आणि त्यात एक काळा बिंदू. तो डोळा. नीट थांबले तर तो बिंदू झटकन बाजूला सरकतो. हे पाहिल्यावर मालकाच्या खुडूकपणाने अंतिम रूप घेतले असे समजावे. काही अंडी कोरीच निघतात. कोंबड्याविना पाळलेल्या कोंबड्यांची दुकानातली अंडी यंत्रात ठेवली तर सगळीच कोरी निघतात, मग ती "गावरान" म्हणून कितीही महाग घेतलेली असोत. काहींत शिरांऐवजी रक्ताची एक गोल रेघ दिसते; आतला जीव गेलेला असतो. ते अंडे लगेच काढावे. सडून खोक्यातच फुटले तर पुढचे शास्त्र घरातली मंडळी शिकवतात.

हा प्रबंध महाराष्ट्रात लिहिला जात असल्यामुळे लाईट जाण्याचे प्रकरण टाळता येत नाही. लाईट गेली की मालक खोक्यावर गोधडी टाकतो, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत सारतो आणि वायरमनला फोन लावतो. वायरमन उचलत नाही. वस्तुतः कोंबडी स्वतःच रोज पंधरा-वीस मिनिटांचे भारनियमन करते आणि अंड्यांना त्याचे काही वाटत नाही. थोडा वेळचा गारवा गर्भ सोसतो, पिल्लू फार तर उशिरा निघते. सोसत नाही तो ताप. आतले तापमान चाळिशीच्या वर जाऊन राहिले की सगळी खेप हातची जाते. म्हणजे भ्यायचे ते थर्मोस्टॅट अडकून बल्ब चालूच राहण्याला. हे मालकाला पाठ असते. तरी गोधडी पडतेच, आणि इथेच आमचा सिद्धान्त सिद्ध होतो. ज्ञान झाले असूनही जी कृती टळत नाही, तिला स्वभाव म्हणतात.

ओलाव्याबद्दल थोडक्यात. उबताना अंड्यातले पाणी कवचाच्या हजारो छिद्रांतून हळूहळू उडून जायला हवे. वजन आठव्या हिश्श्याच्या आसपास घटावे. म्हणून पहिले अठरा दिवस 50-55 टक्के आर्द्रता, नंतर 65-70. रत्नागिरीत आषाढात यंत्रात पाण्याची वाटी ठेवणे म्हणजे उपचार. हवाच इतकी ओली असते की पाणी आटत नाही आणि पिल्लू आतच घुसमटते. चंद्रपुरात मे महिन्यात दोन वाट्यासुद्धा पुरत नाहीत. मराठीतली एकच पुस्तिका दोन्ही ठिकाणी लागू होईल ही अपेक्षा कुणी करू नये.

आता शेवटचे तीन दिवस. यात करायचे काही नसते, आणि म्हणून हाच भाग सर्वांत अवघड. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू हवेच्या पोकळीत चोच घुसवून पहिला श्वास घेते. बंद अंड्यातून चिवचिव ऐकू येते, आणि काही मालक तिला उत्तर देतात. मग चोचीच्या टोकावरच्या पांढऱ्या दाण्याने पिल्लू कवचाला एक टिचकी देते. बाहेरून चांदणीसारखा बारीक तडा दिसतो. कवच अजून पडलेले नसते. आणि इथे सगळे थांबते. बारा तास, कधी चोवीस तास काही हलत नाही. आत मात्र काम जोरात असते. पापुद्र्यातल्या शिरांमधले रक्त अंगात ओढले जात असते, उरलेला बलक पोटात घेतला जात असतो. त्या बलकावर पिल्लू पुढे दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय काढू शकते, आणि एक दिवसाची पिल्ले भोकाभोकांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून लांबलांबच्या गावांना जातात ती त्याच्याच जोरावर.

नेमक्या याच वेळी कुणीतरी शेजारी येऊन खिडकीतून डोकावतो.

"अण्णा, दमलंय हो बिचारं. जरा सोलून द्या की."

अण्णांच्या खिशात चिमटा असतोच. सोलले तर शिरांतून रक्त येते आणि बलक बाहेर राहतो. शिवाय झाकण उघडल्याबरोबर ओलावा निघून जातो आणि ज्यांनी नुकतीच टिचकी मारली आहे त्यांच्या अंगावर पापुद्रा सुकून आवळला जातो. एकाची कणव करावी तर बाकीच्यांचा जीव टांगणीला लागतो. खुडूक कोंबडी या तीन दिवसांत अंड्यांवरून उठत नाही आणि एकालाही सोलायला मदत करत नाही. तिच्या दोन पावले पुढे जाण्याची हौस हा माणसाच्या खुडूकपणातला एकमेव मूळ फरक. बाकी सर्व बाबतींत तो अस्सल आहे. वेळ आली की पिल्लू आतल्या आत फिरत कवचाला गोल चीर पाडते, खांद्याने रेटते आणि ओले, मान टाकलेले, अत्यंत कुरूप असे बाहेर पडते. अंग कोरडे होईपर्यंत त्याला आतच राहू द्यावे, असे सर्व पुस्तकांत लिहिले आहे आणि ते कुणालाही पाळवत नाही.

ब्रूडरचे शास्त्र त्या मानाने सोपे, कारण इथे पिल्लेच बोलतात. पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे, म्हणजे कोपऱ्यात चेंगराचेंगरी होत नाही. खाली भाताचे तूस, पहिले काही दिवस त्यावर खडबडीत कागद, कारण गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. पाण्यात थोडा गूळ, आणि एकेका पिल्लाची चोच बुडवून पाणी दाखवायचे. पहिला आठवडा 35 अंशांच्या आसपास, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी चालतो. सगळी बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी. लांब पळून, चोच उघडून पंख सोडले असतील तर ताप. एकाच बाजूला दाटी असेल तर दुसरीकडून झुळूक येते आहे. सगळीकडे पसरून टिपत असतील तर मालकाने तिथून जावे. पहिल्याच आठवड्यात डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, म्हणजे राणीखेत रोगाची धास्ती कमी होते.

या पिल्लांना मठ्ठ समजू नये. इटलीतल्या संशोधकांनी 2015 साली दाखवले, की तीन दिवसांच्या पिल्लांना पाच ठिपक्यांची सवय लावून मग दोन दाखवले तर ती बहुधा डावीकडे वळतात, आणि आठ दाखवले तर उजवीकडे. म्हणजे आकडेपट्टी त्यांच्या डोक्यात जन्मतःच डावीकडून उजवीकडे मांडलेली असते. आपल्याकडे ती पहिलीत शिकवावी लागते.

एक व्यावहारिक अडचण अलीकडे उद्भवली आहे. एलईडी दिवे आले, आणि त्यांनी उजेड दिला, ऊब नेली. साठ वॅटचा पिवळा बल्ब विचारला की दुकानदार असा बघतो, जणू आपण रॉकेलचा कंदील मागितला. प्रगतीचा इतका उघड तोटा दुसरीकडे क्वचितच दिसेल.

शेवटी फलश्रुती. निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. एक दिवसाच्या पिल्लाचे लिंग मागच्या बाजूला बोटाने दाबून ओळखण्याची विद्या जपानी तज्ज्ञांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तयार केली आणि जगभर नेली. आमच्या गल्लीपर्यंत ती पोचलेली नाही, त्यामुळे तुरा फुटून पहाटे आरवायला लागेपर्यंत सगळ्याच तलंगा वाटतात. असे काही तरणे कोंबडे सध्या प्रबंधकाराकडे आहेत आणि शेजाऱ्यांचे त्यांच्याविषयीचे मत चांगले नाही. ज्यांना हवे असतील त्यांनी अंधार पडल्यावर यावे, कारण दिवसा ते हाती लागत नाहीत. पिशवी आपली आपण आणावी. बोलणे हळू आवाजात करावे आणि यंत्राचे झाकण उघडून दाखवायला सांगू नये. आज एकोणिसावा दिवस आहे.